लालगळ्यांची सुकट

बाबा,

समोरच्या ब्लॉकमधली बाई मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला गेलीय आणि जाताना तिच्या माशांचं लोढणं माझ्या गळ्यात अडकवून गेलीय. मुलुंडच्या आमच्या ह्या सोसायटीत रिकामटेकडी म्हणजे मीच. निवृत्त, एकटी, गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणारी. तेव्हा किल्ली माझ्याकडे. "काकू, दिवसातून दोनदा चिमूटभर घाला, बाकी काही नाही," असं म्हणत तिनं एक डबा माझ्या हातात ठेवला. डब्यावर लालभडक माशाचं चित्र आणि खाली लिहिलेलं, रंग खुलवणारं खाद्य. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो डबा घेऊन तिच्या हॉलमध्ये उभी राहिले. चपट्या अंगाचे, फिकट केशरी मासे, डोक्याची ठेवण बघून कळत होतं की आपल्या लालगळ्यांच्या गोतातले. काचेला तोंडं लावून वाट बघत होते. झाकण काही माझ्याच्यानं उघडेना. तशीच घरी आले, चहा टाकला, तो उतू गेला. तुम्हाला जाऊन पस्तिसाहून जास्त वर्षं झाली, तुम्ही गेलात त्या वयाहून मी आता मोठी आहे, आणि अजून तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिलीय. मेलेल्या माणसाला सांगून काय उपयोग, हे मलाही कळतं. जिवंतपणी सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ही वेळ आली.

घाटकोपरची आपली डोंगरउतारावरच्या चाळीतली खोली आठवा. दाराशी मोरी, आत एकच खोली, तिच्यातच पडदा लावून आईचं स्वयंपाकघर, आणि लांब भिंतीला तुमच्या तीन टाक्या. लोखंडी अँगलच्या फ्रेममध्ये काच बसवून, सांध्यांत लांबी भरून तुम्ही त्या स्वतः केल्या होत्या आणि त्यातली एक कायम ठिबकायची. गिरणीत तुम्ही सव्वीस वर्षं रंगखात्यात होतात. तुमच्या नखांत निळा-काळा रंग असा मुरलेला असायचा की लहानपणी मला वाटायचं, सगळ्या बापांची नखं निळीच असतात. मग संप झाला. पहिले काही महिने तुम्ही रोज सकाळी डबा घेऊन निघायचात, सभेला, मोर्चाला, मग कुठेही. नंतर डबा भरायचं आईनं बंद केलं. एका दुपारी ती तुमचा हात हातात घेऊन बघत बसली आणि म्हणाली, "नखां पांढरी झाली हो तुमची." तुम्ही हात काढून घेतलात आणि माशांच्या टाकीत घातलात. त्यानंतर तुम्हाला मी फारसं त्या टाक्यांपासून लांब बघितलेलं नाही.

ती जोडी तुम्हाला संपाच्या आधी गिरणीतल्या एका जोडीदारानं दिली होती. दुकानात त्यांना फायरमाऊथ म्हणत. आईनं त्यांचे लालगळे केले. नर भांडायला उठला की गळा फुगवायचा आणि तो गळा निखाऱ्यासारखा लाल दिसायचा. मादी मात्र धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी. सगळे लोक नर बघून खूश व्हायचे आणि तुम्ही मादीकडे बघत बसायचात. मी एकदा चिडून विचारलं होतं, हिच्यात काय बघता? तुम्ही म्हणालात, "नर काय गो, मिरवताच तो. मादीक रंग इलो तर समजाचा, रंग रक्तात उतरलो." मग दर विणीला शंभरेक पिल्लांतून गळ्याखाली जरा तांबूस झाक असलेली एखादी मादी तुम्ही निवडायचात, तिला वेगळी वाढवायचात, बाकीची पिल्लं दुकानदाराकडे. तिच्या पिल्लांतून पुन्हा एक. असं चार वर्षं, पाच पिढ्या. टाकीचा तळ खाणीतल्या काळ्या खडीचा, मागची काच काळ्या रंगानं रंगवलेली, कारण उजळ तळावर मासा स्वतःला लपवतो आणि फिका पडतो. अंडी घालायला गावाहून आणलेल्या कौलाचा एक तुकडा. हे सगळं माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की आजही मी एखादी टाकी बघितली की आधी तळ बघते.

आणि सुकट. दर दुसऱ्या रविवारी तुम्ही वर्सोव्याला जायचात. आईची सुकट चालायची नाही तुम्हाला, ती बाजारातली, डोकी गळून गेलेली. तुम्हाला डोक्यासकट हवी, कारण तुमच्या मते सगळा रंग डोक्यात आणि सालात. एकदा मी बरोबर होते. वाळत घातलेल्या सुकटीसमोर तुम्ही उकिडवे बसून एकेक चिमूट तळहातावर घेऊन बघत होता, सोनाराकडे बसल्यासारखे. कोळीण वैतागली. "खायाला नेतंस का लगीन लावतंस तिचं?" मासे पाळतो असं तुम्ही सांगितल्यावर ती हसत सुटली. "माशानला मासलीच घालतंस? पाप लागल रं तुला!" तुम्हीही हसलात. संपानंतर तुम्हाला मोकळं हसताना मी बघितलं ते तिथेच. घरी येऊन ती सुकट तीन पाण्यांत धुवायची, मीठ काढायचं, कडक उन्हात वाळवायची, खलबत्त्यात कुटायची, मलमलीतून चाळायची आणि चहाच्या एका जुन्या डब्यात भरायची. त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. आई म्हणायची, "माका कधी इतक्या कौतुकान वाढलेला आठवत नाय."

घाटकोपर स्टेशनजवळच्या ज्या दुकानदाराला आपण पिल्लं द्यायचो, त्याच्याकडे एका संध्याकाळी आपण दोघं गेलो होतो. त्याच्या टाकीत बाहेरून आलेले मासे होते, ह्याच गोतातले, आणि झाडून सगळे रंगलेले. नर-माद्या ओळखू येईनात. तुम्ही काचेला नाक लावलंत. तो म्हणाला, "काका, तुमी पन ना! पाच वरस कोन थांबनार? हे लोक गोळी देते खान्यात. जेन्ट्सवाला हार्मोन. पंध्रा दिवसमदी कलर!" आणि त्यानं त्या औषधाचं नाव घेतलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "कच्चो रंग तो. धुतल्यार जातलो." आणि पिल्लांची पिशवी त्याच्या गल्ल्यावर ठेवून चालू लागलात. मी मात्र जागीच थबकले होते, कारण ते नाव माझ्या रोजच्या ओळखीचं होतं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची, भांडुपच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला. आपलं घर त्या नोकरीवर चालत होतं, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत आणि मीही नाही. पट्ट्यावरून स्ट्रिपा येत, आम्ही पोरी फुटक्या गोळीची स्ट्रिप बाजूला काढायचो, चांगल्या खोक्यात भरायचो. ती गोळी महिन्यातून दोनदा लागायची. पुरुषांच्या कसल्याशा दुखण्यावरची. आमच्यात तिचं नाव होतं मिशीची गोळी. "आज कुठली बॅच गं?" "मिशीची! तोंड बंद ठेव, नाहीतर उद्या दाढी करावी लागेल." असं खिदळत आम्ही काम करायचो. बाजूला काढलेल्या स्ट्रिपा एका पिंपात जमायच्या आणि आठवड्यानं नष्ट व्हायच्या. त्या पिंपाकडे मी तोवर कधी वळूनही बघितलं नव्हतं.

आता मी असं का केलं ते लिहिते. तुमच्या छातीचा फोटो काढून आणायला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तो दाखवायला मी एकटी गेले होते. ते म्हणाले, गिरणीनं आतून खाल्लंय, सांभाळा, फार तर दोनतीन वर्षं काढतील. हे मी आईलाही सांगितलं नाही. तुमच्याकडे बघितलं की दिसायचं, सव्वीस वर्षं राबून ह्या माणसाच्या हाती काही आलं नाही. गिरणीतले जोडीदार कुठे वॉचमन लागले, कुठे गावी गेले. घरी येणारे नातेवाईक टाक्यांकडे बोट दाखवून म्हणायचे, काय मग, मच्छीमार? तुम्ही हसल्यासारखं करायचात. त्याच सुमारास मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये शोभेच्या माशांचं प्रदर्शन भरणार असल्याचा कागद दुकानात लागला. मी तुम्हाला म्हटलं, लालगळे नेऊया. तुम्ही म्हणालात, "अजून नाय गो. माद्यांक नुसती झाक आसा. पुढल्या वर्सा." पुढल्या वर्षी तुम्ही असाल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. फॉर्म मीच भरला. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, चार माणसांनी तुमच्यासमोर उभं राहून वा म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

गेटवर एक बाई आमची झडती घ्यायची. जेवणाचा डबा ती उघडायची, पण चटणीची वाटी उघडत नसे. त्या वाटीतून मी पिंपातल्या गोळ्या आणल्या, दोन बॅचमध्ये मिळून मूठभर. एका रविवारी तुम्ही वर्सोव्याला गेला होता आणि आई मोरीत कपडे धूत होती. भर दुपारी, उघड्या दारात, मी त्या गोळ्या तुमच्याच खलबत्त्यात कुटल्या आणि तुमच्या चहाच्या डब्यात मिसळल्या. किती घालायच्या मला माहीत नव्हतं. थोड्या घातल्या तर रंग येणार नाही अशी भीती वाटली, म्हणून सगळ्या घातल्या. पांढरी पूड सुकटीत दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिले. त्यानंतर मला काहीच करावं लागलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चिमटीनं मोजून तुम्हीच ती माशांना घातलीत.

एकच मादी त्यातून सुटली. नरानं तिची शेपटी फाडली होती म्हणून तुम्ही तिला काचेच्या बरणीत घालून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. तिला आई खायला घालायची. दिवसभर माशांना शिव्या देणारी आई भाकऱ्या थापता थापता तिच्याशी बोलायची आणि स्वतःच्या फडताळातली, तुम्हाला न चालणारी बाजारची सुकट बोटांनी चुरून तिला टाकायची. हे मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचं काम आहे.

तीन आठवडे लागले. त्या सकाळी मी कामावर निघालेय, वेणी घालतेय, आणि तुम्ही टाकीपुढे बसलेले आहात. तुम्ही हाक मारता. माझं नाव नाही, नुसतं "गो... गो बाय..." मी येऊन बघते तर माद्या लाल. गळा, पोट, परांच्या कडा, सगळं. नर तर बघवत नाही इतका पेटलेला. तुम्ही माझं मनगट धरता आणि म्हणता, "इलो गो. रंग इलो." मग तुम्ही चाळभर फिरता, लोकांना हाताला धरून आणता, दम लागतो तरी थांबत नाही. आई पदराला हात पुसत येते, टाकीत बघते आणि पुन्हा वाकून बघते. बाबा, मी तेव्हा काय होते सांगू? मी आनंदात होते. भीती नव्हती, लाज नव्हती, काही नव्हतं. माझ्या बापाचं तोंड असं उजळलेलं मी बघितलं आणि मला वाटलं, झकास केलं मी. त्या सकाळी झाला तितका आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही, हे नवरा गेल्यावर आज लिहायला हरकत नाही.

प्रदर्शनाला तुम्ही कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होतात. दोन नर, चार माद्या. माशांचा ॲल्युमिनियमचा डेग मांडीवर घेऊन तुम्ही बसमध्ये बसलात, पाणी हिंदकळून सदरा पुढून भिजला. तिथल्या टाकीत खायला घालायला तो चहाचा डबा मी पिशवीत घेतला होता, तुम्हीच आठवणीनं घ्यायला लावलात. हॉलमध्ये आपल्या टाकीभोवती लगेच गर्दी जमली. लोक वा म्हणत होते. मला हवं होतं ते सगळं पंधरा-वीस मिनिटं अगदी तसंच घडलं. मग परीक्षक आले. चष्मा, टाय, हळू बोलणारे सभ्य गृहस्थ. ते बराच वेळ वाकून बघत होते.

"काका, ह्यात माद्या कुठल्या?"

तुम्ही ऐटीत बोट दाखवलंत. "ही, ही, आणि त्या दोन. चारांक रंग आसा."

"तेच बघतोय. ह्या जातीत माद्यांना एवढा रंग? काय घालता खायला?"

"सुकट."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "सुकट, की गोळ्या?"

तुम्हाला आधी समजलंच नाही. समजल्यावर तुमचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. तुम्ही म्हणालात, "सायब, सव्वीस वर्सां मिलात रंग केलंय मी. कच्चो रंग खयचो, पक्को खयचो, माका शिकवतास?" आवाज चढला आणि खोकला आला. खोकता खोकता तुम्ही माझ्याकडे वळलात. "दाखव गो त्यांका. डबो दाखव." मी पिशवीतून डबा काढला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, चिमटीत भुकटी घेतली. "ह्यात काय मिसळलंय ते डोळ्यांनी कसं कळणार?" म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "ताई, तुम्ही सांगा, काही घालता का ह्यात?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्हीही. तुमच्या डोळ्यांत शंका अजिबात नव्हती, नुसती घाई होती, की आता ही सांगेल आणि हा तमाशा संपेल. मी म्हटलं, "नाही. सुकटच आहे." परीक्षकांनी मान हलवली आणि टाकीवरचं नावाचं कार्ड काढून खिशात घातलं. तो माणूस बरोबर होता, बाबा. इतकी वर्षं आपल्या घरात त्याला शिव्या घातल्या गेल्या, पण त्या हॉलमध्ये खरं बोलणारा तो एकटाच होता.

परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. डेग माझ्या मांडीवर होता. दुकानदारानं पुढच्या वेळी पिल्लं घेताना डोळा मारला, "काका, शिकले की नाय शेवटी?" आणि तुम्ही त्याच्याकडे जाणं सोडलंत. चाळीतल्या पोरीसोरींनाही कळलं. डबा संपत आला होता तो मी प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी मोरीत ओतून धुऊन टाकला, झुरळ निघालं म्हणून सांगितलं. तुम्ही नवी सुकट कुटलीत. मग दोन महिन्यांत माद्यांचा रंग उतरायला लागला. आधी परांचा, मग पोटाचा. तुम्ही रोज बघत होता. कौलावर अंडी आली ती दुसऱ्या दिवशी पांढरी पडली, बुरशी धरली. पुन्हा आली, पुन्हा पांढरी. तिसऱ्या वेळी आलीच नाहीत. तुम्ही पाणी बदललंत, नर बदलून बघितलात, कौल खरवडून घासलंत, स्वतःच्याच हातांचा वास घेऊन बघितलात. पाच पिढ्यांनंतर सहावी आली नाही. नर गळा फुगवायचा आणि उगाचच टाकीभर फिरायचा.

आणि ओट्यावरच्या बरणीतली ती शेपटी फाटलेली मादी लाल झाली. एका सकाळी आईनंच दाखवलं, "बघा हो, ह्येका काय झाला." घाईघाईनं नाही, अंगभर नाही, गळ्याच्या टोकापासून सुरू होऊन पोटाकडे हळूहळू गेलेला, कडेला विरलेला लाल. तुम्हाला हवा होता तोच. मी ते तीन आठवडे घाई केली नसती, तर तो सगळ्यांना आला असता. मला एक वर्षसुद्धा नाही, फक्त काही महिने थांबायचं होतं. तुम्ही बरणी उचलून दारात उजेडाला नेलीत. बरणीकडे बघितलंत, मग वळून टाक्यांकडे, मग फडताळातल्या आईच्या डब्याकडे. तुम्ही रंगारी होता. रंग कुठून सुरू झाला आणि कुठे विरला ह्यावरून तो कसा दिला हे तुम्हाला कळायचं. मग तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "तू तरी मानतंस मा गो, मी काय घालूक नाय?"

मी म्हटलं, "हो बाबा."

तुम्ही "बरा" म्हणालात आणि बरणी ओट्यावर ठेवलीत. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्हाला काही कळलं नाही असं धरून मी पुढची कितीतरी वर्षं जगले. आता ह्या वयात त्या प्रश्नाकडे बघते तेव्हा कळतं, तुम्ही स्वतःबद्दल विचारतच नव्हता. तुम्ही दार उघडून ठेवलं होतंत, मी आत येऊन सांगावं म्हणून. मी बाहेरूनच हो म्हटलं आणि तुम्ही दार लावून घेतलंत. त्यानंतर आल्यागेल्याला तुम्ही सांगायचात, "माझ्यार कोणी इस्वास ठेवल्यान नाय, एक ह्या पोरीन सोडून." मी तिथेच चहा गाळत असायचे. तो विश्वास नव्हता, बाबा. मला माहीत होतं, एवढंच.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. शेवटी इस्पितळात तुम्ही बोलत नव्हता, नुसती बोटं चादरीवर चिमटीनं काहीतरी टाकत असायची. तेराव्याला गिरणीतले जोडीदार आले, ज्यानं पहिली जोडी दिली तोही. जेवून पान लावता लावता तो म्हणाला, "माणूस लाखात एक. त्या माशांच्या भानगडीत तेवढी बुद्धी फिरली बिचाऱ्याची. हलाखीत होतं असं." सगळ्यांनी मान डोलावली. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "जाऊ दे ना काका, गेलेल्या माणसाबद्दल कशाला," आणि ताक वाढलं. तुम्ही गेल्यावर तरी तुमचं नाव धुऊन काढायची ती वेळ होती. रिकाम्या टाक्यांत आईनं कांदे-बटाटे भरले. बरणीतली मादी तुमच्यामागे चार महिने जगली. आई तिला सुकट घालत राहिली.

नोकरी जाईल, चोरी उघडी पडेल, घर कसं चालेल, म्हणून मी त्या हॉलमध्ये गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. खरं हे की मी नाही म्हटल्यावर लोकांच्या नजरा माझ्यावरून उठून पुन्हा तुमच्यावर गेल्या, आणि मला हलकं वाटलं. तुम्ही जळत होता आणि मला हलकं वाटलं. आई गेली, जोडीदार गेले, तो दुकानदार गेला. हे ज्याला सांगून काही फरक पडेल असं कुणी उरलं नाही, म्हणून इतक्या धीटपणे लिहिता येतंय.

दोन महिने हे तुकड्यातुकड्यानं लिहिते आहे. वहीची पानं स्वयंपाकघरात सुकटीच्या डब्याखाली ठेवते, वास लागलाय त्यांना. हो, सुकट आणली मी, डोक्यासकटची. शेजारणीच्या डब्यातलं खाद्य माशांना माझ्याच्यानं घालवलं नाही. तीन पाण्यांत धुतली, बाल्कनीत वाळवली, तुमच्याच खलबत्त्यात कुटली, जुन्या साडीच्या तुकड्यातून चाळली. रोज दोनदा चिमूटभर. आणि तिचा डबा भरलेला दिसू नये म्हणून त्यातल्या दोन चिमटी रोज बेसिनमध्ये सोडत गेले.

काल ती परत आली. दार उघडून आत गेली आणि तिथूनच ओरडली, "काकू, अहो हे काय! कसले लाल झालेत! काय घातलंत?" मासे खरंच रंगले होते, गळ्यापासून पोटाकडे, हळूहळू विरत गेलेले. मी दारात उभी होते. एकच शब्द सांगायचा होता, आणि त्यात आता कुणाचं काही जाणार नव्हतं.

"तुम्ही दिलेलंच," मी म्हटलं.

"बघा, मी म्हणत होते ना, हा डबा चांगलाय," ती म्हणाली. मी मान डोलावली, किल्ली तिच्या हातात दिली आणि घरी आले.